चाळीस झाडांची मोजणी

१

अडतीस वर्षं मी जंगलात झाडं मोजली. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं फितीने शिकवलं.

हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. पाइनची झाडं रांगेत लावलेली आहेत. खालच्या फांद्या छाटतात. दाटी झाली की मधली झाडं काढून विरळणी करतात. झाडं कशी वाढतात ते कळावं म्हणून जागोजागी चौकोन आखलेले आहेत. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक लोखंडी खुंटी. दर पाच वर्षांनी चौकोनातलं झाडन् झाड मोजायचं.

त्याची पद्धत ठरलेली आहे. माणसं दोन लागतात. लिहिणारा खुंटीपाशी उभा राहतो, तो हलत नाही. मोजणारा झाडामागून झाड फिरतो. खुंटीपासूनची दिशा, पावलं आणि छातीच्या उंचीवरचा घेर, हे तिन्ही मोठ्याने सांगतो. लिहिणारा तेच परत म्हणतो, मग लिहितो. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही. सगळं झालं की मोजणारा ‘संपलं’ म्हणतो. लिहिणारा ‘संपलं’ म्हणून रेघ ओढतो. रेघेखाली कोणी काही लिहीत नाही.

मोजणारा बहुतेक वेळ दिसत नाही. तो खोडाआड वाकलेला असतो. नुसता आवाज येतो.

माझा जुना लिहिणारा गुडघेदुखीने घरी बसला. त्याच्या जागी माझी मुलगी आली. ती आमच्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिची आई ती लहान असताना गेली. घरात आम्ही दोघंच.

“बाबा, तुमचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा आहे,” ती खुंटीपाशी उभी राहून म्हणाली. “खालच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा वही काढून लिहीत असतील.”

“लिहू देत. त्यांचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं असेल.”

चौदा नंबरच्या चौकोनात चाळीस झाडं. शेवटच्या विरळणीपासून चाळीसच. साडेअकराला शेवटचं मोजलं. फीत गुंडाळली. हाताला राळ लागली होती ती फडक्याने पुसली. तेवढ्यात ती खुंटीपाशी काहीतरी पुटपुटली. आकडा होता. मागचं वाचून बघत असेल असं मला वाटलं. मी ‘संपलं’ म्हणालो. तिने रेघ ओढली.

२

ऑफिसात तिची खोली मागच्या बाजूला आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, जंगल दिसत नाही. तिचं जंगल पडद्यावर असतं. वरून पाहिल्यासारखे हिरवे गोल. एक गोल म्हणजे एक झाड. एक बटण दाबलं की पाच वर्षं जातात. मोठे गोल फुगतात, त्यांच्या सावलीतले आखडतात, काही करडे पडतात. करडं म्हणजे मेलेलं. मी अडतीस वर्षांत जे पाहिलं ते ती चहा निवायच्या आत दाखवते.

पाच वर्षांमागची मापं घालायची. कॉम्प्युटर ती झाडं आजपर्यंत वाढवतो. मग ती माझ्या ताज्या मापांशी ताडायची. जुळली तर पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज खरा धरायचा. त्यावर साहेब ठरवणार, कुठलं जंगल कधी तोडायचं. या कामात तिची तीन वर्षं गेली होती.

“बाबा, चौदामध्ये एक झाड जास्त आहे,” ती म्हणाली.

“चाळीस आहेत.”

“वहीत एक्केचाळीस आहेत. हे बघा. उत्तर, अकरा पावलं, घेर चौऱ्याण्णव.”

अक्षर तिचंच होतं. रेघेच्या वरची शेवटची ओळ.

“हे मी सांगितलं नाही.”

“मग मी स्वप्नात लिहिलं?”

“उत्तरेला अकरा पावलांवर झाडच नाही. दोन रांगांच्या मधली मोकळी जागा आहे ती.”

“तुम्ही सांगितलंत, मी परत म्हटलं, मग लिहिलं. तुमचाच नियम आहे.”

अडतीस वर्षांत माझ्या मापात खोट निघाली नव्हती. “खोड ते,” मी म्हणालो.

“खोडून बघितलं. मग जुळत नाही.”

तिने दाखवलं. चाळीस झाडं घातली तर कॉम्प्युटरमधली उत्तरेची पाच झाडं माझ्या मापापेक्षा जाड निघत होती. मग पाच वर्षांमागे मोजायचं राहून गेलं असेल असं धरून तिने ते एक्केचाळिसावं जुन्या यादीतही घातलं. सगळी झाडं मिलिमीटरपर्यंत जुळली.

“त्या पाच झाडांचं ऊन-पाणी कोणीतरी खातंय,” ती म्हणाली. “नुसता हिशेब सांगतेय. तुम्ही तोंड असं करू नका.”

३

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. सकाळचे दहा. चौकोनात वारा नव्हता.

उत्तरेला अकरा पावलं चाललो. मोकळी जागा. वाळलेल्या पाइनच्या सुयांचा थर. आजूबाजूला पाच झाडं. खोडात घालायचं एक पोकळ गिरमीट असतं. ते फिरवत आत घातलं की पेन्सिलीएवढी कांडी बाहेर येते. तिच्यावर वर्षावर्षाच्या रेघा मोजता येतात. रेघ रुंद, तर वर्ष चांगलं. रेघ बारीक, तर झाडाला कोणीतरी दाबलं.

पाचही झाडांना गिरमीट लावलं, दोन-दोन बाजूंनी. बाहेरच्या बाजूच्या रेघा रुंद होत्या. मोकळ्या जागेकडच्या बाजूला शेवटच्या नऊ रेघा केसासारख्या बारीक. नखाने मोजाव्या लागल्या.

खाली खडक असेल. खणलं. हातभर खाली गेलो. माती काळी, भुसभुशीत, एक दगड नाही. जुनं खोड कुजत असेल, पण तसंही काही नव्हतं. त्या पाच झाडांची मुळं खड्ड्याच्या कडेपर्यंत येत होती आणि तिथून मागे वळत होती. तशी मुळं वळतात, पण मोठं झाड शेजारी असलं तर.

खड्डा बुजवला. सुया पसरल्या. आपल्याला काय दिसलं ते मला सांगता येत होतं. त्याचा अर्थ लावता येत नव्हता. मी अर्थ लावत बसणारा माणूस नाही. मोजणी पुन्हा करायची असं ठरवलं. माझा आकडा खरा ठरवायचा होता.

ती माझी चूक.

४

साहेबांनीही तेच सांगितलं. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला काका म्हणतात.

“काका, चौदा पुन्हा मोजा. एक झाड लपून बसलंय म्हणे तुमच्यावर रागावून.”

आठ दिवसांनी आम्ही गेलो. या वेळी मी खडू नेला. मोजलेल्या प्रत्येक झाडावर खूण केली. ती खुंटीपाशी उभी राहिली. मी सांगत गेलो, ती परत म्हणत गेली. चाळिसावं झाड दक्षिणेच्या कडेला होतं. त्यावर खूण केली आणि ओठ मिटून तिथेच उभा राहिलो. फीतसुद्धा गुंडाळली नाही.

जंगल शांत होतं. माझा श्वास मला ऐकू येत होता.

मग तिचा आवाज आला. “उत्तर. सहा. चौऱ्याण्णव.”

आणि पेन्सिल चालल्याचा आवाज.

मी धावत खुंटीपाशी गेलो. ती वहीतून वर बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“कोण बोललं?”

“म्हणजे काय? तुम्ही.”

“मी तोंड उघडलं नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाकडे बघतात तसं. “बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही गॅस चालू ठेवून बाहेर गेला होतात.”

“एकदा.”

“दोनदा. दुसऱ्यांदा मी बोलले नाही.”

“आवाज कुठून आला?”

तिने पेन्सिलीने उत्तरेकडे दाखवलं.

“मी दक्षिणेला होतो.”

“झाडांत आवाज फिरतो. तुम्हीच सांगता.”

मी सांगतो, खरं आहे. आवाज फिरतोही. म्हातारा माणूस बोलून विसरतोही. दोन्ही मी मान्य केलं. मग उत्तरेला सहा पावलांवर गेलो. तिथेही मोकळी जागा. जवळची चार झाडं पुन्हा मोजली. आठ दिवसांपूर्वीपेक्षा प्रत्येकाचा घेर अर्ध्या सेंटीमीटरने कमी.

झाड बारीक होत नाही. मरतं, पडतं, पण बारीक होत नाही. फीत ओलसर होऊन ताणली असेल म्हणून बाकीची छत्तीस पुन्हा मोजली. ती होती तशीच होती.

“आता काय मोजताय?” ती ओरडली. “रेघ ओढू का मी?”

“ओढ. संपलं,” मी म्हणालो. “संपलं, संपलं.”

५

संध्याकाळ व्हायच्या आधी तिने नवे आकडे घातले. एखादं झाड बारीक झालेलं दिसलं की कॉम्प्युटर लाल खूण करतो आणि आकडा घेत नाही. या वेळी त्याने मुकाट्याने घेतले.

एक्केचाळिसावा गोल आता आत सरकला होता. त्याची सावली खुंटीच्या ठिपक्यावर पडत होती.

तिने बटण दाबलं. पाच वर्षं. जवळची चार झाडं करडी पडली. पुन्हा दाबलं. त्यांच्या मागची. पुन्हा. करडा रंग मधून बाहेर पसरत गेला. शेवटी चौकोनात एकच हिरवा गोल राहिला, पहिल्या दिवशी होता तेवढाच.

“हे वाढत का नाही?” ती म्हणाली. “एवढी जागा मिळाली तरी?”

“त्याला वाढायचं नसेल.”

मी गमतीने बोललो होतो. ती हसली नाही. मीही नाही.

“साहेब म्हणतात गुरुवारी तिसऱ्यांदा मोजा. दोन वेळा दोन जागा, असं चालणार नाही. चौदा सुटला नाही तर माझं सगळं काम बाजूला पडेल, बाबा.”

“पडू दे.”

“काय म्हणालात?”

“तू त्या चौकोनात जायचं नाहीस.”

“का?”

अकरा, मग सहा. चौथी शिकलेल्याला एवढं गणित येतं. पावलं खुंटीपासून मोजतात, आणि खुंटीपाशी माझी मुलगी उभी असते. हे मनात स्वच्छ होतं. तोंडाने म्हटलं असतं तर तिने त्याच दिवशी मला डॉक्टरकडे नेलं असतं. माझी मान ताठ आहे. मी म्हणालो, “मी सांगतो म्हणून.”

“लहान नाही मी आता,” असं म्हणून तिने पडदा बंद केला.

६

गुरुवारी सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी निघालो. साहेबांना सांगून मोजणी रद्द करायची, एवढंच डोक्यात होतं. फीत खिशात घातली. फितीशिवाय कोणी मोजू शकत नाही.

साहेब नुकतेच खुर्चीत बसले होते.

“चौदा सोडून द्या,” मी म्हणालो.

“का बरं?”

“जमीन खराब आहे.”

“खणून बघितलंत?”

“हो.”

“मग काय निघालं?”

मला खोटं बोलायची सवय नाही. “काळी माती,” मी म्हणालो.

“काका, घाबरलात की काय? झाडाला?” साहेब हसले. वाईट हसले नाहीत. पण मी उठलो. बसून सगळं सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता. पुढे जे झालं ते बघता बरं झालं उठलो.

घरी आलो. दार नुसतं ओढलेलं होतं. तिचे बूट नव्हते. वही नव्हती. टेबलावर चहा अर्धा पिऊन ठेवलेला, कोमट.

मी चढावर पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. चौदा नंबरच्या अलीकडे वाट वळते. तिथे मला तिचा आवाज आला. शांत आणि ठरलेल्या लयीत.

“पश्चिम. नऊ. अठ्ठ्याहत्तर.”

मग थोडा वेळ काही नाही. पेन्सिल लिहीत असेल एवढा वेळ.

“पश्चिम. बारा. एक्क्याऐंशी.”

दोन्ही मापं बरोबर होती. ही झाडं मला पाठ आहेत. पश्चिमेचं बारा पावलांवरचं म्हणजे तेहतिसावं. तिला कोणीतरी सांगत होतं. सांगणाऱ्याचा आवाज मला येत नव्हता. दोन आकड्यांच्या मधे नुसती शांतता होती, आणि त्या शांततेला ती मान डोलवावी तशी उत्तर देत होती.

“जरा हळू सांगा ना, बाबा,” ती म्हणाली आणि हसली.

मी हाक मारली नाही. मारणार होतो, पण तोंडापर्यंत येऊन थांबली. तिला माझा आवाज आधीच येत होता. त्यात माझी एक हाक मिसळली तर ती कोणाकडे बघणार?

चौतीस. पस्तीस. काठावरच्या झाडांना धरून चढलो. सदतीस. अडतीस. कडेच्या रांगेपाशी पोचलो तेव्हा ती एकोणचाळिसावं म्हणत होती.

चौकोनाच्या कोपऱ्यातून सगळ्या रांगा सरळ दिसतात. कुठे उभं राहिलं की दोन खोडांमधून काय दिसतं ते मला डोळे मिटून सांगता येतं. त्या कोपऱ्यातून खुंटी मोकळी दिसायला हवी. दिसत नव्हती. मधे खोड होतं. सालीचं, राळ ओघळलेलं, इतर चाळिसांसारखं. ते तिच्या खांद्यामागे होतं. ती वहीत मान घालून उभी होती आणि तिच्या केसांच्या नि सालीच्या मधे हात घालायलाही जागा नव्हती.

“दक्षिण. चौदा. शहात्तर,” ती म्हणाली. चाळीस.

मग खोडामागून फितीचं टोक आलं. मी फीत फिरवतो तसंच, डावीकडून, छातीच्या उंचीवर. ते खोडाला वळसा घालत नव्हतं. ते तिच्याभोवती येत होतं.

मी खिशात हात घातला. माझी फीत खिशातच होती.

तिने मान वर केली. “उत्तर,” ती म्हणाली. “शून्य.” आणि घेर ऐकायला थांबली.

“संपलं!” मी ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा. “संपलं! ओढ रेघ!”

“संपलं,” ती सवयीने म्हणाली, आणि तिने रेघ ओढली.

७

मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा तिच्या मागे काही नव्हतं. सुयांचा थर आणि पलीकडे रांग. तिचा दंड धरून तिला वाटेपर्यंत ओढत आणलं.

“अहो, हात दुखतोय. आणि एवढी धाप कसली? आत्ता तर इथेच होतात.”

“तू आलीस कशी?”

“तुम्हीच फाटकातून हाक मारलीत. चल म्हणालात. मी पाठोपाठ आले.” मग तिने माझा चेहरा बघितला आणि तिचा आवाज खाली आला. “हेही आठवत नाही?”

मला काय ते ठरवायला वाटेचं एक वळण पुरलं. तिला खरं सांगितलं तर ती हट्टाने पुन्हा येणार, यंत्रं घेऊन, तपासायला. त्याच खुंटीपाशी उभी राहणार. न सांगितलं तरी साहेब तिला पाठवणार. चौदा नंबर बंद व्हायचा एकच रस्ता होता.

तसाच ऑफिसात गेलो. ती मागे होती. साहेबांसमोर उभा राहिलो.

“चौदाची तिन्ही वेळची मापं चुकीची आहेत,” मी म्हणालो. “झाड नाही. मी भलतंच बोललो. बोललो ते मला आठवत नाही. माझं डोकं चालत नाही आता. पाच वर्षांमागचीही धरू नका. चौदा नंबर काढून टाका.”

“काका...”

“मुलीची चूक नाही. तिने ऐकलं ते लिहिलं. लिहून घ्या, मी सही करतो.”

साहेबांनी लिहिलं. दोन ओळी होत्या. अडतीस वर्षांनंतर माझ्या नावापुढे तेवढंच राहणार आहे. वाचायला त्यांना नको वाटत होतं, म्हणून मीच वाचलं, आणि सही केली. परतताना ती माझा हात धरून चालत होती. वाट मोकळी, सपाट, तरीही.

चौदा नंबर यादीतून गेला. बाकीचे चौकोन जुळले. तिचं काम मार्गी लागलं. मोजायला नवी माणसं आली आहेत. ती जंगलात जात नाही, तिचा संबंध पडद्याशी.

डॉक्टरने मला गोळ्या दिल्या आहेत, दुपारी जेवल्यावर एक. गोळी ती स्वतः काढून हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. मी घेतो. मला काही झालेलं नाही.

काल गोळी देताना ती म्हणाली, “बाबा, तुम्ही साहेबांसमोर कबूल केलंत ना, मला रडू आलं होतं. तुमच्यासारखा माणूस.”

“पाणी दे.”

तिने दिलं. “मला खरं तर त्या दिवशी चौकोनातच कळलं होतं, तुम्हाला बरं नाही ते. तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात, अगदी चिकटून. शेवटचा आकडा कानात सांगितलात.” तिने कानाची पाळी चोळली. “श्वास किती गार होता तुमचा. आणि राळेचा वास. मी मागे वळणार होते, तेवढ्यात तुम्ही तिकडून ओरडलात.”

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली.